परड्यातल्या कोंबड्या एकमेकींना टोचून रक्त काढतात, तेव्हा काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. करवीर तालुक्यात तुमच्या घरामागच्या परड्यात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. बहुतेक गावरान, दोन आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या जातीच्या. आठवडी बाजारातून तुम्ही चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्यांबरोबर खुराड्यात सोडल्या. तेव्हापासून पाऊस लागून राहिलाय, कोंबड्या दिवसच्या दिवस आतच आहेत. एक काळी गावरान नव्या तलंगांना खाद्याजवळ फिरकू देत नाही. आता एका तलंगेच्या शेपटीच्या बुडाशी जखम होऊन रक्त यायला लागलंय. खुराडं सहा बाय चार फुटांचं. शेजारी म्हणतात काळीची चोच कापा, सासूबाई म्हणतात काळीला विकून टाका.

दोन्ही करू नका. का ते पुढं सांगते, पण आधी आज संध्याकाळचं काम.

रक्त आलेली तलंग लगेच वेगळी काढा. कोंबडीला लाल रंगाची ओढ असते. रक्त दिसलं की एरवी कुणाच्या वाटेला न जाणारी कोंबडीही येऊन टोच मारते, आणि एकदा सगळ्या मिळून लागल्या की थांबत नाहीत. शेपटीखालून टोचत टोचत रात्रीत आतडी बाहेर ओढलेली मी बघितलीत. म्हणून या बाबतीत ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. तिला डालग्याखाली झाकलं तर एक रात्र निघेल, पण जखम भरेपर्यंत डालगं पुरणार नाही. खुराड्यालाच लागून जाळी मारून एक कोपरा तिला करून द्या. बाकीच्यांना ती दिसली पाहिजे, तिच्यापर्यंत चोच मात्र पोचता कामा नये. फार लांब, नजरेआड ठेवलीत तर परत सोडताना ती पुन्हा परकी ठरते.

जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा. रक्तानं चिकटलेली पिसं कात्रीनं कापा, ओढू नका. मग बीटाडीन लावा, नाहीतर मेडिकलमध्ये मिळणारं जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट. दोन्ही एकावर एक नकोत. मला जांभळं औषध जास्त पटतं, कारण जंतू मरतात आणि लाल रंगही झाकला जातो. घरात काहीच नसेल तर खोबरेल तेलात कालवलेली हळद चालेल, पण त्यात चुना घालू नका. आपल्याकडं मुक्या मारावर हळद-चुना लावायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते. चुन्यानं हळद लालभडक होते, आणि जो रंग झाकायचा तोच आपण जखमेवर फासतो. या दिवसांत माश्या फार असतात, त्यामुळं जखम रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघा. अळ्या पडल्या असतील, कातडं फाटून लोंबत असेल किंवा मागून आतलं लाल अंग बाहेर आलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. औषध लावलेली कोंबडी अंड्यावर असेल तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तिथंच विचारून घ्या.

आता काळीबद्दल. तलंगेच्या शेपटीचं रक्त काळीनंच काढलं, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का? तुमच्या लिहिण्यात ते कुठं आलं नाही. काळी खाद्याजवळ फिरकू देत नाही एवढंच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि बहुतेक वेळा त्या वेगवेगळ्या कोंबड्या करतात.

कोंबड्यांत मानाची उतरंड असते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचा मान जसा ठरलेला असतो, तसं कुणी आधी खायचं, कुणी वरच्या दांडीवर बसायचं हे यांच्यात ठरलेलं असतं. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण केलं आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्राच्या भाषेत मांडली. नवी कोंबडी आली की तिची जागा ठरेपर्यंत टोचाटोची होणारच. पण ही टोच समोरून येते, डोक्यावर नाहीतर तुऱ्यावर. मारणारी मान ताठ करते, मार खाणारी मान खाली घालून दोन पावलं बाजूला होते, विषय संपतो. तुऱ्यावर एखादा काळा खपलीचा ठिपका राहतो. हे आपण मध्ये पडून सोडवायला गेलो तर उलट लांबतं. काळी जे करतेय ते हे आहे. ती तिचा मान राखतेय.

शेपटीच्या बुडाशी होणारी टोच वेगळी. ती मागून येते, शांतपणे, कसलाही राग न दाखवता. एखादी कोंबडी दुसरीच्या मागं जाऊन पीस उपटते आणि बऱ्याचदा खातेसुद्धा. रानकोंबडी दिवसातला बराच मोठा वेळ माती उकरण्यात, किडे-बिया टिपण्यात घालवते. आपल्या कोंबडीच्या चोचीत तीच सवय आहे. उकरायला जमीन मिळाली नाही की चोच समोरच्या पिसांवर जाते. म्हणजे इथं दोष स्वभावाचा कमी आणि कोंडलेपणाचा जास्त. उद्या दुपारी अर्धा तास खुराड्याजवळ न बोलता बसा आणि तलंगांच्या मागं कोण घुटमळतंय ते बघा. त्या दोन आरआयआरपैकी एखादी निघाली तर मला नवल वाटणार नाही. काळी विकून घरात आरआयआर ठेवली असती तर पुढच्या आठवड्यात दुसरी तलंग रक्तबंबाळ झाली असती.

पिसं कुठली गेलीत त्यावरून बरंच कळतं, तेही सांगते. नुसती पाठ आणि मानेमागचा भाग उघडा पडलेला असेल तर ते कोंबड्याचं काम. चढताना तो चोचीनं मान धरतो आणि पायांनी पाठ खरवडतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा ठीक असतो, तुमच्याकडं तेरा आहेत म्हणजे तोही प्रश्न नाही. गळ्याची पुढची पिसं झिजली असतील तर खाद्याचं भांडं किंवा जाळी घासतेय. पोटाची गेली असतील आणि कोंबडी खुडूक असेल तर तिनं स्वतःच उपटलीत. अंगभर विरळ झालीत आणि कातडीतून नव्या पिसांचे काटे वर येतायत, तर ती पिसं झडण्याची नेहमीची वेळ आहे. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती गाठीसारख्या खपल्या दिसल्या तर मात्र टोचणं म्हणून सोडून देऊ नका. तो देवी रोग असू शकतो, डासांनी पसरतो आणि पावसाळ्यात आपल्याकडं डासांना तोटा नाही. अशी कोंबडी वेगळी काढून डॉक्टरांना दाखवायची.

आणि शेपटीखालची पिसं गेली असतील तर आधी उवा बघायच्या. रात्री कोंबडी दांडीवर शांत बसलेली असताना उचला, बॅटरीच्या उजेडात शेपटीखालच्या पिसांवर हलकी फुंकर मारा. पिसं बाजूला झाली की कातडीवर फिक्या रंगाच्या उवा पळताना दिसतात, पिसाच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे गुच्छ चिकटलेले असतात. लाल कीड मात्र अंगावर दिवसा सापडत नाही. ती दांडीच्या आणि फळ्यांच्या फटीत लपून बसते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. त्यासाठी रात्रीच दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरं फडकं पुसून घ्या, फडक्यावर लाल रेघा उठल्या तर कीड आहे. अंगाला खाज सुटलेली कोंबडी स्वतःलाही टोचते, दुसरीलाही टोचते. फटी खरवडून चुना मारा, आणि औषध कुठलं, किती पाण्यात, हे डॉक्टरांना विचारूनच फवारा. गुरांच्या गोचिडाचं औषध अंदाजानं कोंबडीवर मारलेलं अनेक घरांत बघते, ते धोक्याचं आहे.

आता तुमच्या खुराड्याचं गणित करू. सहा बाय चार म्हणजे २४ चौरस फूट. त्यात १४ पक्षी, म्हणजे एकाला पावणेदोन फूटसुद्धा पुरतं येत नाही. दिवसभर परड्यात हिंडून फक्त रात्री झोपायला येणाऱ्या कोंबड्यांना एवढं चालतं. पण दिवसभर कोंडायच्या असतील तर एकीला कमीत कमी चार चौरस फूट पाहिजे, म्हणजे तुम्हाला ५६ फूट लागतात. उन्हाळ्यात तुमच्याकडं काहीच तक्रार नव्हती आणि पाऊस लागल्यावर सुरू झाली, त्याचं मोठं कारण हेच. गगनबावडा, राधानगरीकडची माणसं जून ते सप्टेंबर याच त्रासातून जातात. खुराडं लगेच वाढवता येत नसेल तर त्याच्या पुढं बांबू रोवून वर प्लास्टिकचा कागद किंवा पत्रा टाका आणि बाजूला जाळी बांधा. आठ बाय चार फुटांची पडवी निघाली तरी तुमचं ५६ चं गणित जमतं. अंगणात तेवढी जागा नसेल तर पाऊस उघडला की तासभर का होईना, बाहेर सोडा. थोडं भिजल्यानं धडधाकट कोंबडीला काही होत नाही, अंग कोरडं करायला आत जागा कोरडी पाहिजे एवढंच.

पडवीत भाताचा तूस चार बोटं जाड पसरा आणि त्यात रोज मूठभर ज्वारी किंवा कण्या उधळा. भांड्यात घालू नका, उधळाच. दाणा शोधण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो आणि चोच पिसांवर जात नाही. माझ्या अनुभवात एवढ्या एका गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच औषधानं पडत नाही. तूस ओला झाला की खालीवर करा, डोळ्यांना चुरचुरणारा वास यायला लागला तर बदलूनच टाका. ऊसपट्ट्यात काही जण बगॅस किंवा पाचट टाकतात. कोरडं असेल तर हरकत नाही, पण भिजून बुरशी आली की ती कोंबडीच्या छातीत जाते, त्यामुळं पावसाळ्यात मी तूसच सांगते. कोबीचा गड्डा किंवा मेथी, शेवग्याचा पाला जुडी बांधून कोंबडीच्या डोक्यापेक्षा थोडा उंच टांगा. एका कोपऱ्यात घमेलंभर कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा, त्यात लोळून त्या अंग साफ करतात. आणि एखादा ओंडका, आडवा लावलेला पत्रा, उपडी टोपली असा आडोसा ठेवा. मार खाणारीला नजरेआड व्हायला जागा मिळाली की अर्धी भांडणं तिथंच मिटतात. सगळीकडून मोकळ्या चौकोनात तिला पळायला कोपराच मिळतो आणि कोपऱ्यातच तिला गाठतात.

दिव्याचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण मांजर, मुंगूस, सापाच्या भीतीनं बऱ्याच घरांत खुराड्यात रात्रभर पांढरा एलईडी जळतो. लख्ख उजेड आणि अपुरी झोप यानं टोचणं वाढतं. दिवसाउजेड धरून १६ तासांपेक्षा जास्त उजेड कधीच नको. मुंगसासाठी जाळी आणि कडी पक्की करा, दिवा बंद ठेवा.

खाद्याकडं जरा थांबून बघायला हवं. घरच्या कोंबड्यांना आपण शिळी भाकरी, भात, ज्वारी, मका घालतो. बाहेर हिंडत असताना किडे, गांडुळं, वाळवी खाऊन त्या बाकीची भरपाई करतात. कोंडल्यावर ती वाट बंद होते आणि राहतं ते नुसतं धान्य, ज्यात प्रथिनं साधारण आठ ते दहा टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनच असतं, त्यामुळं प्रथिनं कमी पडलेली कोंबडी दुसरीची पिसं उपटून खाते, यात आश्चर्य काही नाही. पाऊस असेपर्यंत अंड्यावरच्यांना लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, द्या, एका पक्ष्याला दिवसाला १०० ते १२० ग्रॅमचा हिशोब धरा, गावरानला थोडं कमी. तलंगा अजून अंड्यावर आल्या नसतील तर त्यांना ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य. लेयर मॅशमध्ये कॅल्शियम बरंच असतं आणि ते कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. सगळ्यांना एकच खाद्य ठेवायचं असेल तर ग्रोअर ठेवा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. अंड्यावरची कोंबडी लागेल तसा खाते.

शेंगदाणा पेंड आपल्याकडं सहज मिळते, पण पावसात तिला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. वास बदललेली पेंड टाकून द्या. सोयाबीन घरचं असेल तर भाजून किंवा उकडूनच, कच्चं पचत नाही. सुकट उत्तम. पिसांसाठी लागणारं मेथिओनिन, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, धान्यात आणि पेंडीत कमी असतं, ते सुकटीत मिळतं. भिजवून, पाणी ओतून टाकून, आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर घाला. न धुता दिलीत तर मीठ जास्त होतं.

खाद्याची आणि पाण्याची भांडी प्रत्येकी तीन करा आणि लांब लांब ठेवा, एकीकडून दुसरं दिसणार नाही अशी. काळी एका वेळी एकाच भांड्यावर मालकी सांगू शकते. रोज संध्याकाळी तलंगांच्या गळ्याखालची खाद्याची पिशवी हातानं चाचपा. ती टम्म भरलेली लागली पाहिजे. सपाट लागली तर दिवसभर तिला खाऊ दिलेलं नाही. माझ्या मते भांडण चालू द्यायचं की मोडायचं हे ठरवायला याच्याइतकी खात्रीची खूण नाही.

तलंगांना कळपात नव्यानं आणावं लागणार, कारण पहिल्या वेळी घाई झाली. बाजारातून आणलेला पक्षी खरं तर दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळा ठेवायचा, मानमोडी (राणीखेत रोग) आणि सर्दी बाजारातूनच घरात येते. तुमच्याकडं तो टप्पा निघून गेलाय, तर लसीचं तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. आता चौघींना जाळीच्या पलीकडं ठेवा. जखमीलाही त्यांच्यातच, बाकीच्या तिघी तिला त्रास देत नसतील तर. आठ-दहा दिवस दोन्ही बाजूंनी जाळीजवळच खाद्य घाला. जाळीतून मान फुगवणं, टोच मारायला धावणं कमी झालं की एका दुपारी, पाऊस उघडलेला बघून, सगळ्यांना एकदम परड्यात सोडा. खुराड्यात नाही, मोकळ्यावर. माळवं, पाला असं काहीतरी लांबवर टाकून ठेवा म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडं जाईल. संध्याकाळी आत घेताना तलंगांना शेवटी, अंधार पडल्यावर दांडीवर ठेवा. एकेक करून आणायच्या नाहीत. चौघी एकत्र असल्या की मार वाटला जातो, एकटी आली की सगळा तिच्यावर येतो. दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा पाहिजे, आणि चार-पाच कोंबड्यांमागं अंडी घालायला एक अंधारा खोका. तलंगा पहिल्यांदा अंड्यावर येतात तेव्हा आतलं लाल अंग क्षणभर बाहेर येतं. उजेडात, सगळ्यांसमोर अंडं घातलं तर तिथंच टोच बसते.

एवढं करूनही काळी तलंगांच्या मागं पळत राहिली, त्यांना दांडीवरून उतरूच देत नसेल, तर काळीला बाहेर काढा. चार-पाच दिवस दुसरीकडं, कळप दिसणार नाही अशा जागी, खाणंपिणं नीट देऊन. तेवढ्यात तलंगांची जागा पक्की होते, आणि काळी परत आल्यावर नवखी ठरते, तिला खालून सुरुवात करावी लागते. बहुतेक वेळा एका फेरीत काम होतं. पिसं खाणारी जी असेल तिच्यासाठी हा उपाय अर्धवटच लागू पडतो, कारण ते मानाचं भांडण नाही, सवय आहे आणि बाकीच्या तिचं बघून शिकतात. जागा, खाद्य, उकरायला तूस, सगळं नीट करून महिनाभर झाला तरी तिचं चालूच असेल तर तिला कळपात ठेवू नका. विका, पण घेणाऱ्याला सांगून विका, नाहीतर घरी खा.

चोच कापणं नकोच. मोठ्या फार्मवर पिल्लं लहान असताना यंत्रानं चोच छाटतात. तिथं हजारो पक्षी एका शेडमध्ये असतात. मोठ्या कोंबडीच्या चोचीत रक्तवाहिन्या आणि नसा असतात, घरी ब्लेडनं किंवा नेलकटरनं कापली तर रक्त थांबत नाही, वेदना राहतात, दाणा उचलता येत नाही. शिवाय चोच गेलेल्या कोंबडीला किडा टिपता येत नाही, उवा काढता येत नाहीत. परड्यातल्या कोंबडीचं जगणंच चोचीवर आहे.

जखम भरली तरी तलंगेची शेपूट उघडीच दिसेल, त्यानं घाबरू नका. मुळापासून उपटलेलं पीस लगेच पुन्हा यायला लागतं आणि काही आठवड्यांत वाढतं. अर्ध्यात तुटलेलं मात्र पुढच्या झडतीपर्यंत तसंच राहतं. नवं पीस येताना त्याच्या कोंबात रक्त असतं आणि कातडीवर गडद निळसर काटे दिसतात, आणि टोचण्याच्या दृष्टीनं तीच सगळ्यात नाजूक वेळ. ते उघडून पिसाचा झुपका दिसायला लागेपर्यंत तिला बाकीच्यांत एकटी सोडू नका, आणि त्या जागेवर एक दिवसाआड जांभळं औषध लावत राहा.